जुनी शिडाची होडी घेण्यापूर्वी

लाकडाची जुनी शिडाची होडी घ्यायचं ज्याच्या मनात आहे, त्यानं पहिली फेरी किनाऱ्यावर न मारता जव्हारला मारावी, असं माझं ठाम मत आहे. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. समुद्र इथून दिसत नाही. विक्रमगड, मनोर ओलांडून पालघर गाठायचं आणि पुढे सातपाटीची वाट धरायची, तेव्हा कुठे खारा वारा अंगाला लागतो. पण होडीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि ज्यात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं असा भाग म्हणजे तिचं लाकूड. शीड फाटलेलं डोळ्यांना दिसतं, दोर कुजलेला हाताला कळतो. लाकूड मात्र रंगाच्या तीन थरांखाली काय लपवून बसलं आहे, हे ज्याला लाकूड कळतं त्यालाच कळतं. आणि लाकूड कळणारी माणसं जव्हार-मोखाड्यात गावोगाव आहेत.

या डोंगरातला साग, ऐन, शिसव, हेद, खैर यांच्यावर कित्येक पिढ्यांनी पोट भरलं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचं सरकार चालवत असताना, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. ठेकेदाराऐवजी आदिवासींच्या संस्थेनंच कूप, म्हणजे तोडीसाठी काढलेला जंगलाचा पट्टा, तोडावा आणि नफा त्यांच्याच घरी जावा, ही त्यामागची कल्पना. वावर-वांगणीसारख्या गावांतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी कुपावर काम केलं आहे, त्यांना उभ्या झाडाकडे बघून आतून पोकळ कोणतं, पिळाचं कोणतं, सरळ फळी कोणत्यातून निघेल हे सांगता येतं. ही विद्या होडी घेणाऱ्याच्या थेट कामाची आहे.

तेव्हा आधी एखाद्या काष्ठ आगारात किंवा लाकडाच्या वखारीत अर्धा दिवस घालवा. सागाच्या ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा. सालीला लागून पांढरट लाकडाचा एक पट्टा असतो आणि आत सोनेरी तपकिरी गाभा. सागाची सगळी ख्याती या गाभ्याची आहे. त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं आणि ते वाळवीला सोसत नाही. शिवाय गाभ्यात एक तेलकटपणा असतो. ताज्या कापावरून बोट फिरवलं तर तो जाणवतो, आणि वासही कमावलेल्या चामड्यासारखा येतो. सालीलगतच्या पांढरट लाकडात यातलं काहीच नसतं. ते इतर कोणत्याही हलक्या लाकडासारखं किडतं आणि कुजतं. होडीच्या फळीत कडेला असा पांढरा पट्टा राहून गेला असेल तर फळी सागाची असूनही कुज तिथूनच सुरू होते. विकणारा ‘अस्सल साग आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्यातला गाभा किती आणि पांढरं किती, हे विचारायचं काम आपलं.

दुसरी गोष्ट पाहायची ती रेषांची. होडीच्या कुशीत ज्या वाकड्या फासळ्या बसवतात, त्या सरळ लाकूड कापून वाकड्या केलेल्या असतील तर वाकणावर रेषा तुटतात आणि जोराची लाट बसली की फासळी तिथेच तडकते. म्हणून जुने सुतार झाडाचं मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड शोधत. बाभूळ त्यासाठी फार उपयोगी, कारण तिला सरळ वाढायची सवयच नसते. फासळीतल्या रेषा वाकणाबरोबर वळत गेलेल्या दिसल्या, तर बांधणारा सुतार जाणता होता असं समजायला हरकत नाही. मी होडीची किंमत ठरवताना नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, नक्षीपेक्षा याला जास्त गुण देतो.

डोंगरातलं लाकूड आणि किनाऱ्यावरची होडी यांचं नातं या भागात जुनं आहे. वैतरणेच्या मुखाजवळचं आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेलं होतं, आणि त्याच शतकात पोर्तुगीजांनी ते बंदर जाळलं. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागाची जी जहाजं बांधली, त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. त्याचा साग मलबारातला होता. दोनशे वर्षं ओलांडलेल्या सागाच्या जहाजावर आज माणसं चालतात, हे एकदा मनात घेतलं म्हणजे तीस-चाळीस वर्षांच्या होडीला उगाच म्हातारी म्हणावंसं वाटत नाही. वयाला घाबरू नये. देखभाल कशी झाली याला घाबरावं.

आता बाजारात मिळतं काय, ते पाहू. शिडावर चालणाऱ्या मच्छीमारी होड्या आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ उरलेल्या नाहीत. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत सातपाटी पद्धतीची होडी आणि वसई पद्धतीची होडी असे वेगळे घाट नोंदलेले असतात. त्या घाटाच्या लाकडी होड्या अजून दिसतात, पण त्यांच्या पोटात डिझेलचं इंजिन असतं. अशा होडीचं इंजिन काढून पुन्हा शीड चढवायचं स्वप्न पुष्कळांना पडतं. माझा सल्ला असा की हे स्वप्न पहिल्या होडीसाठी नको. इंजिनासाठी बांधलेल्या होडीचं वजन, डोलकाठीच्या पायाची जागा, पंख्यासाठी मागे केलेला आकार हे सगळं वेगळं असतं. ते बदलायला जेवढं सुतारकाम लागतं तेवढ्यात नवी लहान होडी होते. दक्षिण कोकणात उलांडीच्या लहान होड्या मिळतात. त्या स्वस्त आणि सोप्या असतात, पण त्या ज्या किनाऱ्यासाठी घडल्या त्याच किनाऱ्यावर शोभतात.

दुसरा साठा क्लबांचा. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846ची. गेटवेसमोर नांगरलेल्या त्यांच्या सीबर्ड वर्गाच्या लाकडी होड्या मुंबईकरांच्या ओळखीच्या आहेत. त्याहून लहान, मोटारीमागे गाड्यावर घालून नेता येतील अशा होड्या म्हणजे एन्टरप्राइज आणि फायरबॉल. एन्टरप्राइजचा आराखडा जॅक होल्ट या इंग्रज रचनाकारानं 1956 साली केला. लांबी 4.04 मीटर, दोन माणसांची, निळी शिडं. हेतू असा की साध्या नोकरदारानं घरामागच्या अंगणात प्लायवूडमधून ती बांधावी. फायरबॉल पीटर मिल्नची, 1962ची, लांबी 4.93 मीटर, चपटी आणि फार वेगवान. 1982च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. तेव्हा फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. त्या पदकानं ही होडी आपल्याकडे घरोघरी पोचली नाही, पण शिडाच्या खेळातल्या जुन्या माणसांना तिचा लळा लागला तो कायमचा. क्लब, लष्कर आणि नौदलाची केंद्रं, निवृत्त अधिकारी यांच्याकडे अशा होड्या छपरीखाली उलट्या घालून ठेवलेल्या सापडतात. जाहिरात क्वचितच होते. क्लबातल्या खलाशांना आणि तिथल्या सुताराला कोणती होडी किती वर्षं पाण्यात गेली नाही हे पाठ असतं. त्यांच्याशी ओळख करा.

या विषयावर बोलताना ‘सुहैली’ची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती मुंबईची लेक आहे आणि मराठी वाचकांना तिच्याबद्दल फार कमी माहिती आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. मित्रांबरोबर त्यानं मुंबईत एक होडी बांधून घ्यायचं ठरवलं. इंग्लंडमधून एक आराखडा मागवला. आला तो दुसराच, विल्यम ॲटकिन या अमेरिकी रचनाकाराचा ‘एरिक’, 1920च्या दशकातला. त्याचंही मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरनं वादळात कोळ्यांना वाचवायला बांधलेल्या होड्यांत. बांधायला घेतली तेव्हाच हा घाट जुना समजला जात होता. तरी 32 फुटांची ती होडी कुलाब्यात सागवानातून उभी राहिली. सुतारांची हत्यारं म्हणजे वाकस, करवत, पटाशी आणि दोरीनं फिरवायचा सामता. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली आणि पुढे दक्षिण आफ्रिकेवरून इंग्लंडला गेली.

1968 साली एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत झाली. त्या प्रदक्षिणेसाठी नॉक्स-जॉन्स्टनला सुरुवातीला ही होडी नको होती. त्याला मोठी, पोलादी, नवी होडी हवी होती आणि त्यासाठी सुहैली विकायला काढायची त्याची तयारी होती. पैसा उभा राहिला नाही, म्हणून तो जुन्या होडीवरच 14 जून 1968 रोजी फालमथहून निघाला. केप व्हर्ड बेटांच्या पुढे होडीत पाणी येऊ लागलं. बुडी मारून पाहिलं तर तळकण्याला लागून असलेल्या फळीचा सांधा दोन्ही बाजूंनी उघडला होता. त्यानं भर समुद्रात पाण्याखाली जाऊन सुताची वात बसवलेली कापडी पट्टी त्या फटीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्ये एक शार्क घुटमळू लागला, त्याला गोळी घालावी लागली. ती पट्टी टिकली. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तो फालमथला परतला. निघालेल्या नऊ जणांत शेवटपर्यंत पोचलेला एकटा तोच, आणि हा पराक्रम करणारा जगातला पहिला माणूसही तोच.

होडी घेणाऱ्यानं यातून दोन गोष्टी काढाव्यात. एक, तळकणा आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांचा सांधा हीच लाकडी होडीची नाजूक जागा. डोलकाठीचा दाब खाली, पाण्याचा दाब वर, आणि वारा एका बाजूनं ओढतो तेव्हा पिळाचा ताण, हे तिन्ही तिथे एकत्र येतात. होडी पाहायला गेलात की पहिल्यांदा तिथे, डोलकाठीच्या पायाजवळ, आतून आणि बाहेरून हात फिरवा. दुसरी गोष्ट पुढे घडली. सुहैली काही वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. 2002 साली मालकानं तिला तिथून हलवलं आणि पुढे दुरुस्त करून पुन्हा पाण्यात नेलं. दक्षिण महासागर झेललेल्या होडीला छपराखालची कोरडी हवा सोसली नाही. लाकडी होडी वर्षानुवर्षं जमिनीवर ‘जपून’ ठेवली आहे असं विकणारा अभिमानानं सांगत असेल, तर ती गोष्ट तिच्या बाजूची धरू नका. त्याच घाटाची ‘थुरिया’ ही होडी गोव्यात बांधली गेली आणि 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांनी ती नेली. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात तिची डोलकाठी मोडली. टॉमींना जबर दुखापत झाली, पण होडी बुडाली नाही आणि ते वाचले. घाट जुना असणं हा दोष नाही, याचा हा दुसरा पुरावा.

होडी पाहायची वेळ कोणती? आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या ओढून काठावर घेतात आणि झावळ्यांनी किंवा ताडपत्रीनं शाकारतात. क्लबांच्या होड्याही पावसाळ्यात वर येतात. तळ डोळ्यांसमोर असतो, मालकाला सवड असते. मे अखेर होडी वर ओढल्याबरोबर पाहिली तर फळ्या अजून पाणी प्यालेल्या असतात आणि खऱ्या फटी दिसतात. तीच होडी महिनाभर उन्हात राहिली की सगळेच सांधे उघडे पडतात आणि चांगली कोणती, वाईट कोणती हे कळेनासं होतं. नव्यानं पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस लाकडी होडी पाणी घेतेच. फळ्या फुगल्या की सांधे आपोआप आवळतात. दोन दिवसांनंतरही पाणी उपसावं लागत असेल, तर ती फुगण्याची गोष्ट राहत नाही.

सोबत सुतळी, लहान हातोडा, आरी आणि बॅटरी घ्या. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा आणि तळाची रेघ तिच्याशी ताडून पाहा. दोन्ही टोकं खाली झुकून मधला भाग वर आला असेल, तर होडीचा कणा थकला आहे. मग बाकी काही पाहू नका, चहा घ्या आणि परत या. कणा सरळ असेल तर हातोड्यानं फळीफळीवर हलके टोले मारत जा. निरोगी साग खणखणीत बोलतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलेल तिथे मालकाची परवानगी घेऊन आरी टोचा. चांगल्या लाकडात ती जेमतेम शिरते आणि घट्ट धरली जाते. कुजलेल्यात लोण्यासारखी जाते.

कुज कुठे शोधायची हे लोकांना बहुधा उलटं माहीत असतं. खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजतं असा समज आहे. लाकूड कुजवणारी बुरशी वाढते ती गोड्या पाण्यावर आणि कोंदट हवेत. मीठ तिला मारक ठरतं. म्हणून होडी कुजते ती वरून, पावसाच्या पाण्यानं. वरच्या फळ्यांचे कोपरे, मागच्या आडव्या फळीच्या कडा, ताडपत्रीखाली पाणी साचून राहिलेली जागा, वारा न लागणारे आतले खण हे तपासा. जव्हारसारख्या धो धो पावसाच्या गावात राहणाऱ्याला हे लगेच पटेल, कारण त्यानं घराचे वासे भिंतीत शिरतात तिथेच कुजलेले पाहिलेले असतात. आणि पुढे तुमची होडी डोंगरावर घराशेजारी ठेवणार असाल, तर ती उलटी घाला, जमिनीपासून हातभर उंच ठेवा आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्या. वाळवी सागाच्या गाभ्याला लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पांढरं लाकूड आणि प्लायवूड ती सोडत नाही.

खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा. तेरेडो नावाचा जीव लाकूड पोखरतो. दिसायला अळी, पण जात शिंपल्याची. तो आत शिरतो तेव्हा टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतो आणि आत गेल्यावर वाढत वाढत लांबलचक बोगदा करतो. बाहेरून फळी धड दिसते आणि आत चाळण झालेली असते. तळाच्या रंगाचा पापुद्रा निघालेल्या जागी भिंग धरून बारीक भोकं शोधा. गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर फार दिवस राहिलेल्या होडीत तो जिवंत उरत नाही, पण त्यानं केलेलं नुकसान उरतंच. त्याला आवर घालायला पूर्वी जहाजांना तांब्याचे पत्रे मारत. आता तांबेयुक्त रंग वापरतात, आणि तो दर हंगामाला द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला, हे मालकाला विचारा.

लाकूड उत्तम आणि खिळे गेलेले, हा आपल्याकडच्या जुन्या होड्यांचा नेहमीचा रोग. लोखंडी खिळा गंजला की फुगतो, फळी चिरतो आणि गंजाचं पाणी भोवतीचं लाकूड काळं, भुसभुशीत करतं. फळीवर तपकिरी ओघळ दिसले की खाली गंजका खिळा आहे असं समजा. साग लोखंडाला इतर काही लाकडांपेक्षा बरा वागवतो, पण समुद्र वागवत नाही. एक-दोन खिळे आणि तळकण्याचा एखादा बोल्ट काढून दाखवायला सांगा. मधोमध बारीक झालेला बोल्ट निघाला, तर बाकीचेही तसेच असतील असा हिशेब धरून सगळे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. बोल्ट काढू देणार नाही म्हणणाऱ्या मालकाशी वाद घालू नये, निरोप घ्यावा. तशीच दुसरी सक्त खूण म्हणजे जुन्या फळ्यांवर बाहेरून चढवलेलं फायबर. कुजलेल्या होडीला दोन वर्षांचं आयुष्य द्यायचा तो उपाय आहे. आत ओल कोंडते, लाकूड अंधारात सडत जातं आणि फायबरचं कवच तेवढं उरतं. तळात सिमेंट ओतलेलं दिसलं तरी हाच निर्णय.

प्लायवूडच्या एन्टरप्राइज-फायरबॉलची तपासणी सोपी असते. कडा, मागची फळी आणि हवेच्या बंद कप्प्यांचा तळ इथे थर सुटलेत का ते पाहा. अंगठ्यानं दाबल्यावर फळी करकरत असेल तर थर सुटले आहेत. होडी वजनकाट्यावर चढवा. एन्टरप्राइजचं रिकामं वजन 90 किलोच्या आसपास असतं. त्याहून दहा-पंधरा किलो जास्त भरलं तर तेवढं पाणी प्लायवूड पिऊन बसलं आहे, किंवा मागच्या मालकांनी तेवढा रंग आणि पुट्टी थापली आहे. बदलायचा तुकडा आयएस 710 या मानकाच्या सागरी प्लायवूडचाच घाला. फर्निचरच्या दुकानातलं आयएस 303चं ‘वॉटरप्रूफ’ घराच्या फडताळाला ठीक, होडीला नको.

सागाची फळी बदलायची वेळ आली की पुन्हा जव्हार आठवतं. इथल्या जंगलात तोडीनंतर बुंध्यांना फुटलेला साग पुष्कळ आहे. घेर लहान, पांढऱ्याचं प्रमाण जास्त. वीस फुटांची सलग, गाठी नसलेली, गाभ्याची फळी सहज मिळत नाही. मग लहान चांगल्या फळ्यांना सांधा द्यावा लागतो. तो सांधा तिरका आणि फळीच्या जाडीच्या आठ ते बारा पट लांब हवा. आखूड सांधा दिसला तर ते काम होडीच्या सुताराचं नाही, घराच्या सुताराचं आहे. आणि साग कुठूनही आणा, सरकारी हातोड्याची खूण आणि वनविभागाचा वाहतूक परवाना सोबत हवाच. स्वस्तात मिळालेल्या परवाना नसलेल्या फळीपायी होडी आणि गाडी दोन्ही अडकतात, आणि जंगल ज्यांचं आहे त्यांच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच.

कागदपत्रांत हयगय नको. शर्यतीच्या वर्गातल्या होडीला मोजमापाचं प्रमाणपत्र आणि शिडावरचा क्रमांक असतो. दोन्ही जुळतात का पाहा. मच्छीमारी होडी असेल तर नाळेवरचा ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक, परवाना, आणि मच्छीमार सहकारी संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला मागा. होडी बहुधा एकट्याची नसते, भावाभावांची असते. सगळ्यांच्या सह्या घ्या. समुद्रात न्यायची तर बंदर खात्याचे नियम आणि जवळचं सागरी पोलीस ठाणं यांच्याशी आधी बोला. मोखाड्यातलं मध्य वैतरणा धरण किंवा खालचा मोडकसागर बघून ‘इथेच चालवू’ असं मनात येतं, पण ते मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. परवानगीशिवाय तिथे होडी घालता येत नाही. पाणी कुठलं, हे होडी घेण्याआधी ठरलेलं असावं.

भावाचं बोलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि दुरुस्तीचा अंदाज हातात असताना. शिडाच्या कारागिराकडून नव्या शिडांचा भाव आणा, सुताराकडून फळ्या-खिळ्यांचा, दोर आणि कप्प्यांचा वेगळा. ही बेरीज पुष्कळदा सांगितलेल्या किमतीपेक्षा मोठी निघते. त्यात नवल नाही. जुन्या होडीची खरी किंमत ती पाण्यावर उभी राहीपर्यंत होणारा खर्च धरूनच असते. विसार द्या, पण होडी पाण्यात चालवून पाहण्याच्या अटीवर. तीही सकाळच्या मंद मतलई वाऱ्यात नको. दुपारी खारा वारा भरल्यावर, शीड पूर्ण उघडून, दोन्ही अंगांवर झुकवून चालवा आणि परतल्यावर तळात किती पाणी आलं ते मोजा.

माझं मत विचाराल तर पहिली होडी प्लायवूडची एन्टरप्राइज घ्यावी. दोन माणसांना उचलता येते, चूक केली तर ती लगेच उलटून शिकवते, आणि दुरुस्ती गावातल्या सुताराकडून होते. तिच्यावर दोन हंगाम काढा. त्या काळात सागाच्या होड्या बघत फिरा, विकत घेऊ नका. मग सागाची होडी घ्यायची वेळ येईल तेव्हा जव्हार-मोखाड्याकडचा लाकूड कळणारा एक माणूस आणि किनाऱ्यावरचा होडीचा एक सुतार, दोघांना बरोबर न्या, आणि दोघांनाही त्यांच्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या.